डाव्या हाताचा कॅमेरा

पुणे
९ सप्टेंबर २००६

ती. कुंदामावशीस,
क्षितिजचा शि. सा. नमस्कार.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडून नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्र. तुझ्याकडे एक काम आहे.

मागच्या रविवारी जुन्या बाजारात मला एक कॅमेरा मिळाला. एकावर एक दोन भिंगं असलेला, पोटाशी धरून वरून खाली बघायचा. जर्मन बनावटीचा, पन्नास वर्षांपूर्वीचा तरी असेल. असे कॅमेरे मी पुष्कळ पाहिलेत. पण याच्यावर कुणीतरी जे काम केलंय, ते मी आजवर कुठेही पाहिलेलं नाही.

फोटो काढायचा खटका उजव्या हाताला असतो. या कॅमेऱ्यात त्या खटक्याला पितळेची एक बारीक पट्टी जोडून, ती भिंगाच्या खालून वळवून डाव्या बाजूला आणली आहे. फिल्म पुढे सरकवायची चावी उजव्या अंगाला असते. तिला लाकडाची गुळगुळीत मूठ बसवलीय, बोटांनी न धरता नुसत्या तळहाताने ढकलता येईल अशी. पट्टी दाबताना कॅमेरा जरासुद्धा हलत नाही. ज्याने हे केलं त्याला यंत्र कळत होतं, आणि ज्याच्यासाठी केलं तो माणूसही कळत होता.

चामड्याच्या पिशवीच्या झाकणाला आतून तापल्या सळईने डागून लिहिलंय : ‘स. उ., बोरी अरब’. विकणाऱ्याला एवढंच ठाऊक की माल अमरावतीकडून आला.

बोरी अरब तुमच्या जिल्ह्यातलं ना? हल्ली पेपरात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांत यवतमाळचं नाव रोज येतं, ते तुला सांगायला नको. एखाद्या घरावर वाईट वेळ आली आणि म्हणून हा विकला गेला असेल, असं सारखं मनात येतंय. या स. उ.चा शोध लागेल का?

काकांना नमस्कार.
तुझा,
क्षितिज


यवतमाळ
२७ सप्टेंबर २००६

चि. क्षितिज यास अनेक आशीर्वाद.

आधी भांडण, मग काम. तुझी आई दोन ओळींचं पत्रसुद्धा शाईच्या पेनाने लिहिते. तू मावशीला संगणकावर छापून पत्र पाठवतोस, आणि खाली सहीसुद्धा नाही! वीजमंडळाचं बिल आलं असं वाटलं मला.

आता काम. तुझे नंदकिशोर काका म्हणाले, स. उ. म्हणजे सदाशिव उत्तमराव असणार, बोरीला त्या नावाचे एक पटवारी होते, त्यांना हौस असेल. तहसील कचेरीत आयुष्य काढलेला माणूस, त्यांना जगात पटवारीच दिसतात. मी दारव्ह्याची एस.टी. धरली आणि बोरीला उतरले.

स्टँडसमोर झेरॉक्स आणि फोटोचं दुकान आहे. मालक शंकरसिंग. मी पटवाऱ्यांचं विचारलं तर त्याला काही माहीत नव्हतं. पण पितळेच्या पट्टीचं सांगितल्याबरोबर तो स्टुलावरून उठलाच.

“मॅडम, तो कॅमेरा माणसाचा नाही, बाईचा आहे! सत्यशीलाबाईचा. उकंडाची पोरगी ते. तिच्या उजव्या हाताले बोटंच नाही, कापसाच्या जिनात मशिनीत गेले. पण फोटो पाहान तर मानसान! माह्यासारख्या दहा जणायले तिनं हे काम शिकवलं असतं, पण शिकायले बसते कोण?”

ऐकलंस? आपण दोघंही पुरुष शोधत होतो.

बाई मात्र भेटल्या नाहीत. वणीला मुलीकडे, साधनाकडे गेल्यात. जावई तिथे कोळशाच्या खाणीत आहे. शंकरसिंग म्हणाला, डोळे गेलेत त्यांचे, म्हणून तर कॅमेरा दिला. बोटं नाहीत, आता डोळे नाहीत. परतीच्या एस.टी.त माझं मन फार जड झालं. दोन्ही बाजूंना कपाशी लाल पडलेली. यंदाही लाल्या रोग आला आहे.

दिवाळीनंतर त्या परत येतील म्हणतात. मी पुन्हा जाईन. तू सही करून पत्र पाठव.

तुझी,
कुंदामावशी


पुणे
६ ऑक्टोबर २००६

ती. मावशीस,
सा. न.

तू सहीचं विचारलंस, आणि तुझ्या त्याच पत्रात सत्यशीलाबाईंच्या हाताचं आलं. आता तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

गेल्या वर्षी कात्रजला माझा अपघात झाला. हात मोडला होता, आता बरा आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं. आईलासुद्धा. हाड जुळलं ते खरं आहे. पण उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. डॉक्टर म्हणतात, यापुढे एवढंच. जेवताना मी चमचा डाव्या हातात घेतो आणि कुणी बघितलं तर सवय झाली म्हणतो. पत्रं डाव्या हाताने टाइप करतो. सही येत नाही, म्हणून नव्हती.

डिसेंबरात एका लग्नाचं काम घेतलं होतं. ऐन मंगलाष्टकांत कॅमेरा हातातून खाली पडला. सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. त्या दिवसानंतर मी एकही फोटो काढलेला नाही. मित्राच्या दुरुस्तीच्या दुकानात बसतो. दुसऱ्यांचे कॅमेरे पुसून ठेवतो.

आणि त्या रविवारी बाजारात तो कॅमेरा सहज उचलला, तर डाव्या हाताचं बोट आपोआप त्या पट्टीवर जाऊन बसलं. जणू माझ्याच मापाने केला होता. म्हणून मला स. उ. हवा होता. तशी पट्टी माझ्या नव्या कॅमेऱ्याला बसवता येईल का, हे विचारायचं होतं. मी स्वतः दोनदा खटपट केली. नव्या कॅमेऱ्याचं बटण नुसतं विजेवर चालतं, त्याला पट्टी बसत नाही.

पण आता ते राहू दे. ज्या बाईचे डोळे गेलेत, तिच्याकडे मी कसली मदत मागू? कॅमेरा तिचा आहे, तिला परत देऊ. दिसत नसला तरी हातात तर राहील. तू विचार, मी घेऊन येतो.

माझ्या हाताचं मात्र कुणाला बोलू नकोस. आईला नको, सत्यशीलाबाईंनाही नको.

क्षितिज


यवतमाळ
१४ नोव्हेंबर २००६

चि. क्षितिज,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी देवघरासमोर जाऊन बसले आणि ह्यांनी चहा केला. इतकंच लिहिते. तुझ्या आईला सांगितलेलं नाही. ते तू सांगायचं आहेस.

काल सत्यशीलाबाईंना भेटून आले. तू बसून वाच.

बुद्धविहाराच्या मागे दोन खोल्यांचं घर. दारावर पत्र्याची पाटी : ‘सत्य फोटो. येथे फक्त जिवंत माणसांचे फोटो काढले जातील.’ मी पाटीच वाचत उभी होते, तर आतून आवाज आला, “वाचून झालं असन तर या आत. बाहेर ऊन आहे.”

पासष्टीच्या पुढच्या आहेत. सडपातळ, पांढरी स्वच्छ साडी, नजर अशी की आपणच पदर नीट करावा. डोळे गेलेले नाहीत! एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, त्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. शंकरसिंगचं सांगितल्यावर म्हणाल्या, “त्याले फोटोत अन् बोलण्यात, दोन्हीकडे रंग जास्त लागते.”

मी पाटीचं विचारलं. त्या जिनात कामाला होत्या तेव्हा त्यांच्या शेजारी काम करणारी एक बाई तापाने गेली. घरात तिचा एक फोटो नव्हता. मग दारव्ह्याहून फोटोवाला आणला. तिला भिंतीला टेकवून बसवलं, डोक्यावर पदर घेतला, कुंकू लावलं आणि फोटो काढला. “पोरं तो फोटो पाहून भेत. मायले पाहून पोरं भेत, बाई! जित्तेपणी तिले कोणी म्हटलं नाही, बस, तुहा फोटो काढू.”

पुढे यांच्या हाती कॅमेरा आला तेव्हापासून कापसाच्या वेचणीच्या दिवसांत त्या शेताशेतांत जाऊन वेचणाऱ्या बायांचे फोटो काढतात. बोरी, लाडखेड, नेरच्या वाटेवरची गावं. कुणाला स्टुडिओत बोलावत नाहीत, कारण बाईला दिवसाची मजुरी बुडवून स्टुडिओत जायला जमत नाही. आतल्या खोलीत भिंती दिसत नाहीत, नुसत्या बाया दिसतात. ओटीत कापूस, कपाळाला घाम, आणि एकूण एक हसताहेत. मी इतकी वर्षं या जिल्ह्यात राहते, पण या बायांना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. किंवा बघितलंच नव्हतं.

“दोन वर्षं झाले, पेपरवाले येऊन राह्यले,” त्या म्हणाल्या. “त्यायले रडणारी बाई पाहिजे. एकानं तर इचारलं, जरा डोळे पुसता का, म्हणून. रडणं आहेच, मी नाही म्हणत नाही. पण बाई काही तेवढीच नसते.”

मग मी तुझं बोलले, कॅमेरा परत द्यायचंही. तर हसल्याच. “परत कायले? मी विकला नाही, बदलला. त्याचा रोल यवतमाळात मिळेना, धुवून देणारा राह्यला नाही. अमरावतीले गेली, तो देला अन् नवीन घेतला. मले फोटो काढायचे होते, कॅमेरा सांभाळायचा नव्हता.”

नवा कॅमेरा! बोटं नसलेल्या हाताने! मी विचारलं, कसा चालवता? तर म्हणाल्या, “ज्याले पाहिजे त्याले सांगीन.”

आणि मग मी सांगून टाकलं. तुझ्या हाताचं. रागव हवं तर. त्यांनी विचारलं, “पोरगा रडते का?” मी म्हटलं, रडत नाही, बोलतही नाही. “मंग पत्ता द्या. मीच लिहितो त्याले.”

तुझी,
कुंदामावशी


बोरी अरब
२५ नोव्हेंबर २००६

चि. क्षितिज यास सप्रेम जय भीम.

तुह्या मावशीनं पत्ता देला. हे अक्षर डाव्या हाताचं आहे. गिचमिड वाटलं तर दोनदा वाच. लिहिणं मी दोनदा शिकली. एकदा शाळेत उजव्या हातानं, एकदा घरी डाव्या हातानं. दुसऱ्या खेपेले मास्तर नव्हता.

जिनात मी रेचणीच्या, कापसातून सरकी काढायच्या मशिनीवर होती. सरकी अटकली, काढायले गेली, अन् हात गेला. घरी आली तवा बाप म्हणे, पोरी, एक हात तर आहे. पण मले ते पटे ना. मी कितीतरी महिने हात पदराखाली झाकून ठेवला. विहिरीवर जायचं सोडलं. लगनात जायचं सोडलं. तू जेवताना हात लपवते म्हणे. मले ते बरोबर समजलं.

दारव्ह्याले विमलताईचा फोटोचा स्टुडिओ होता. नवरा वारल्यावर तेच चालवे. तिनं मले फोटो धुवायले बोलावलं. मी हो म्हटलं, कारण का त्या खोलीत अंधार असे अन् अंधारात माहा हात कोणाले दिसत नसे. खरं सांगून राह्यली. पण तिथं पाण्यात कागदावर माणूस हळूहळू वर येते, ते पाह्यलं अन् मी हात झाकायचं इसरली. पुढं स्टुडिओ बंद झाला तवा तिनं तो कॅमेरा मले देला. म्हणे, तुह्यापेक्षा जास्त याले कोणी पाहात नाही.

पट्टी देवीलालनं केली. ज्या मशिनीनं माहा हात खाल्ला, तिचाच तो फिटर. त्याच्या मनाले ते फार लागलं होतं, चूक त्याची नव्हती तरी. तो घरी येऊन बसे, मले कॅमेरा धरायले लावे, अन् नुसता पाहात राहे. पट्टी घासून आणे, बसवे, काढे, पुन्हा घासे. ज्या दिवशी जमली त्या दिवशी पह्यला फोटो मी त्याचाच काढला. देवीलाल आता नाही. तू त्याच्या कामाची एवढी तारीफ लिहिली ते मावशीनं वाचून दाखवलं. मले वाटलं, त्याले कोणीतरी भेटलं.

आता तुहं. नव्या कॅमेऱ्याले पट्टी बसत नाही. मीही अमरावतीच्या दुकानात इचारलं होतं. दुकानदार म्हणे, आजी, हे तुमच्याच्यानं होत नाही, नातवासाठी घेता का? मी काही बोलली नाही. तिथंच काउंटरवर कॅमेरा इकडून तिकडून धरून पाह्यला. मंग उलटा केला, पाय वर अन् डोकं खाली. उलटा केला का बटण खाली डावीकडं येते, बरोबर अंगठ्याखाली. कॅमेरा डाव्या हातात, अन् उजव्या हाताचं मनगट नुसतं टेकू. फोटो उलटा निघते. निघू दे. कागद फिरवला का माणूस सरळ.

एवढंच आहे. याले मिस्तरी लागत नाही.

आणखी एक. पुढच्या महिन्यात माह्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणते, उन्हात फिरायचं नाही, खाली वाकायचं नाही. वेचणी माह्या डोळ्यासाठी थांबत नाही. लाडखेडच्या बायायले मी सांगून ठेवलं, यंदा तुमची पाळी. एक-दोघी अशा आहे का पुढच्या वेचणीले असन का नाही ते सांगता येत नाही. तू ये. दया म्हणून बोलावत नाही. मले माणूस पाहिजे.

सत्यशीला उकंडा


बोरी अरब
१२ जानेवारी २००७

ती. कुंदामावशीस,
शि. सा. न.

हे पत्र मी डाव्या हाताने, पेनाने लिहितो आहे. ओळी खाली उतरतात, तिकडे लक्ष देऊ नकोस. पुढच्या रविवारी तुझ्याकडे येतोच आहे, पण तोंडाने सांगायला लागलो तर तू दहा वेळा ‘काय?’ म्हणशील आणि मजा जाईल. म्हणून आधी लिहून पाठवतो. काकांचा ताप उतरला ना?

आईला निघण्यापूर्वीच सगळं सांगितलं. ती रडली, मग तिने माझ्यासाठी पोळीचे घास करायला घेतले. मी म्हटलं, आई, डाव्या हाताने जेवता येतं मला.

पहिल्या दिवशी आम्ही लाडखेडच्या शेतात गेलो. सत्यशीलाबाईंनी डॉक्टरांचं निम्मंच ऐकलं. डोळ्यावर हिरवी पट्टी, त्यावर काळा चष्मा, आणि बाभळीच्या सावलीत पोत्यावर बसून हुकूम सोडणं चालू. बाया ओळीने वेचत होत्या. माझ्या गळ्यातला कॅमेरा बघितल्याबरोबर ओळ थांबली.

“पेपरवाला आहे का रे तू?” एकीने विचारलं. “असशील तर पुढच्या वावरात जा. आज रडायले सवड नाही.”

सगळ्यांचे चेहरे बंद झाले. मला मांडवातले ते सगळे डोळे आठवले. मी मागे बघितलं, तर बाई गप्प. मग मी कॅमेरा उलटा केला, मनगटावर टेकवला आणि डोळ्याला लावला.

आणि मग एक मुलगी ओरडली, “अवं माय, यानं तर उलटा धरला!”

मावशी, काय हसल्या त्या! एकीच्या ओटीतला कापूस सांडला, ती तो गोळा करता करता खाली बसून हसायला लागली. “पुण्याहून आला अन् कोणी सरळ धरायले शिकवलं नाही का बापू?” मी बटण दाबत होतो आणि मीही हसत होतो. एका वर्षात मी पहिल्यांदा फोटो काढत होतो, आणि हात कसा आहे हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

संध्याकाळी परत येताना बाईंना विचारलं, तुम्ही त्यांना आधी का नाही सांगितलंत? म्हणाल्या, “सांगतलं असतं तर हसल्या असत्या का? माह्यावर हसून हसून आता त्या थकल्या. तू नवीन पाहिजे होता.”

नऊ गावं झाली. रोज रात्री त्या एका डोळ्याने फोटो बघतात आणि एकही सोडत नाहीत. “हिचे हात कापले. हात कायले कापले? सारं काम हातायनं केलं तिनं.” “इथं आभाळ जास्त, बाई कमी.” मी पुण्यात मोठमोठ्यांच्या हाताखाली शिकलो. इतक्या प्रेमाने माझी चूक कुणी दाखवली नव्हती. काल एका फोटोपाशी त्या थांबल्या, पुष्कळ वेळ बघत राहिल्या, आणि काहीच बोलल्या नाहीत. मला वाटतं, तो बरा आला असावा.

आज छापलेले फोटो वाटायला लाडखेडला गेलो होतो. शेवटचं घर पारबताबाईंचं. सत्तरी ओलांडलेल्या, पाठीतून वाकलेल्या, तरी वेचायला जातात. घरात यंदाच्या कापसाची गंजी तशीच पडून, भाव चढायची वाट बघत. त्यांनी फोटो घेतला, उजेडात गेल्या, लांब धरला, जवळ धरला.

“हे कोण?” त्यांनी विचारलं.

सत्यशीलाबाई म्हणाल्या, “तूच ते. दुसरी कोण?”

त्या पुन्हा बघत राहिल्या. फोटोवरून बोट फिरवलं, कपाळावरून, गालावरून. मग खाली बसल्या आणि हाक मारली, “अवं, इकडं या सारे!” सुना आल्या, नातवंडं आली. पारबताबाईंनी फोटो उंच धरला.

“माह्या मायले पाह्यलं नव्हतं ना कोणी? तिचा फोटोच नव्हता. हे पाहा. हसली म्हणजे अशीच दिसे.”

तुझा,
क्षितिज